चालत्या नियमात हात घालताना

फेब्रुवारी २००४ मध्ये जर्मनीतील हाम्बुर्ग शहरात संगणकावर संगीत रचणारी काही मंडळी एकत्र आली आणि त्यांनी टॉपलॅप नावाची एक सैलसर संघटना स्थापन केली. तिच्या जाहीरनाम्याला आजही मसुदाच म्हटले जाते, आणि त्यातील एक मागणी लाइव्ह कोडिंगच्या, म्हणजे चालू प्रोग्रामचा मजकूर बदलत वाजवण्याच्या, क्षेत्रात वावरणाऱ्या प्रत्येकाला पाठ असते: तुमचे पडदे, म्हणजे संगणकाचे स्क्रीन, आम्हाला दाखवा. त्या काळी लॅपटॉपवर वाजवणारा कलाकार मंचावर बसून पडद्याकडे पाहत असे, श्रोते त्याच्या चेहऱ्याकडे पाहत असत, आणि तो या क्षणी खरोखर काही घडवतो आहे की आधी तयार केलेली फाईल चालू करून स्वस्थ बसला आहे, हे कळायला कोणताही मार्ग नसे. पडदा भिंतीवर दाखवण्याची मागणी या अविश्वासातून आली. त्यानंतरच्या दोन दशकांत लाइव्ह कोडिंग ही संज्ञा क्लबांतून विद्यापीठांत, तेथून शाळांत, नोकरीच्या मुलाखतींत आणि थेट प्रक्षेपणांत पोहोचली, आणि आता ती इतक्या गोष्टींना लावली जाते की तिच्या सीमा कोठे आहेत हा प्रश्न मला पुन्हा महत्त्वाचा वाटू लागला आहे.

प्रथम मूळ कृती नीट सांगायला हवी. संगणकावर एक प्रोग्राम चालू असतो आणि त्यातून आवाज किंवा चित्रे निघत असतात. तो न थांबवता एक व्यक्ती त्याच प्रोग्रामचा मजकूर बदलत राहते, आणि प्रत्येक बदलाचा परिणाम लगेच, सर्वांच्या कानांवर किंवा डोळ्यांसमोर उमटतो. अमेरिकी संगीतकार रॉन कुइव्हिला याने १९८५ साली ॲमस्टरडॅमच्या स्टाइम या संस्थेत फोर्थ या प्रोग्रामिंग भाषेत असा प्रयोग केला होता आणि तो या प्रकाराच्या अगदी सुरुवातीच्या प्रयोगांपैकी मानला जातो. ब्रिटनमध्ये ॲलेक्स मॅक्लीन आणि एड्रियन वॉर्ड यांनी 'स्लब' या नावाने वाजवायला सुरुवात केली, आणि पुढे मॅक्लीनने पर्ल या प्रोग्रामिंग भाषेत स्वतःसाठी एक संपादक, म्हणजे कोड लिहिण्याचे साधन, घडवला. त्यात लिहिलेला कोड लिहिता लिहिता चालत असे आणि चालता चालता तो स्वतःच्याच मजकुरात बदल करून लिहिणाऱ्याशी बोलत असे. जर्मनीत युलियान रोरहुबर सुपरकोलायडर या ध्वनिनिर्मितीच्या भाषेसाठी अशी सोय घडवत होता की एखाद्या नावाचा उपयोग आधी करावा आणि त्या नावामागचा ध्वनी मागाहून, वाजत असतानाच, भरावा. या सर्वांना वेगवेगळ्या वाटांनी एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे चालत्या नियमात हात घालण्याची मुभा.

या मुभेची मोजदाद अभियंत्यांनी फार पूर्वी केली होती. संगणकशास्त्रज्ञ स्टीव्हन तानिमोतो यांनी १९९० मध्ये दृश्य, म्हणजे आकृत्यांनी करायच्या, प्रोग्रामिंगच्या एका भाषेविषयी लिहिताना जिवंतपणाच्या चार पायऱ्या मांडल्या. पहिल्या पायरीवर आकृती केवळ समजण्यासाठी असते. दुसरीवर ती आज्ञा दिल्यावर चालते. तिसरीवर प्रत्येक बदलानंतर यंत्र आपणहून उत्तर देते, आणि चौथीवर प्रोग्राम सतत येणाऱ्या माहितीच्या प्रवाहात अखंड चालतच असतो. ही मांडणी उपयुक्त आहे आणि मी ती अनेकांना समजावून सांगितली आहे, परंतु लाइव्ह कोडिंगची सीमा तिच्या साहाय्याने आखता येत नाही. हिशेबाच्या स्प्रेडशीटचेच पाहा. एका चौकटीतील सूत्र बदलले की त्यावर अवलंबून असलेले सारे आकडे कोणतीही आज्ञा न देता बदलतात. म्हणजे या मोजपट्टीवर स्प्रेडशीट तिसऱ्या पायरीवर निःसंशय आहे. उलट टायडल सायकल्ससारख्या, खास लाइव्ह कोडिंगच्या संगीतासाठीच्या भाषेत ओळ लिहून झाल्यावर ती चालवण्यासाठी कळ दाबावीच लागते, तोवर लिहिलेल्या शब्दांना आवाज नसतो. मजकूर आणि परिणाम यांच्यातील या एका सांध्यापुरते पाहिले तर साधन म्हणून स्प्रेडशीट अधिक तत्पर आहे. तरीही वर्षअखेरीचा ताळेबंद जुळवणाऱ्या माणसाला आपण लाइव्ह कोडर म्हणणार नाही, आणि ते का म्हणणार नाही याचे उत्तर मला सीमेच्या प्रश्नाचेच उत्तर वाटते.

ताळेबंदात शेवटचा आकडा महत्त्वाचा असतो. तो कोणत्या क्रमाने जुळला, मध्ये कोणती चौकट कितीदा खोडली, कोठे बराच वेळ गेला, याचा अंतिम कागदाशी काही संबंध राहत नाही. सर्वसाधारण प्रोग्रामिंगही असेच आहे. तेथे दुरुस्त्या ही वाट असते आणि दुरुस्त झालेला मजकूर हे मुक्कामाचे ठिकाण असते. लाइव्ह कोडिंगमध्ये हे नाते उलटते. तेथे दुरुस्त्यांचा क्रम आणि त्या प्रत्येक दुरुस्तीला लागलेला वेळ हीच कृती असते, आणि प्रयोग संपल्यावर पडद्यावर उरलेला मजकूर म्हणजे केवळ शेवटची दुरुस्ती. बारा मिनिटांच्या वादनाअखेर राहिलेल्या आठ ओळी जशाच्या तशा दुसऱ्या दिवशी चालवल्या, तर त्यातून त्या वादनाचा शेवटचा तुकडा तेवढा ऐकू येईल. ज्या ओळी मध्येच पुसल्या गेल्या त्यांचाही त्या बारा मिनिटांवर तेवढाच हक्क होता, कारण त्या ऐकल्या गेल्या होत्या आणि ऐकलेले परत घेता येत नाही. मजकूर खोडता येतो आणि त्याचा परिणाम मात्र खोडता येत नाही, या ताणावर ही सारी कला उभी आहे.

मी स्वतः संध्याकाळी टायडल उघडून बसते तेव्हा हा ताण मला सर्वाधिक जाणवतो तो लिहिणे आणि ऐकू येणे यांच्यातील फटीत. टायडलमध्ये काळ आवर्तनांत मोजला जातो. अवतरणचिन्हांत जितके आवाज लिहाल तितक्या समान भागांत एक आवर्तन विभागले जाते, आणि चौकोनी कंसात दोन आवाज घातले की ते दोघे मिळून एकाच भागाची जागा वाटून घेतात. आठ जागांत तीन आघात शक्य तितक्या समान अंतरावर बसवायचे असतील तर आवाजाच्या नावापुढे कंसात तीन आणि आठ हे दोन आकडे लिहिले की पुरते. आता मी तिनाचे पाच करते. आकडा बदललेला आहे, पण अजून कळ दाबलेली नाही, म्हणून कानावर तीनच आघात येत आहेत. पडदा पाहणाऱ्याला पुढे काय येणार आहे ते या क्षणी डोळ्यांनी कळलेले असते आणि कानांनी कळायचे असते. ओळ लिहिताना कंस राहून गेला तर भाषा ती ओळ नाकारते, परंतु संगीत थांबत नाही. आधीचा नियम चालूच राहतो, आणि श्रोते तेच आवर्तन आणखी दोनदा, चारदा ऐकतात, तोवर लिहिणाऱ्याने चूक शोधलेली असते. अशा वेळी वाढलेली ती चार आवर्तने रचनेचा भागच होतात. इतर कोणत्याही प्रोग्रामिंगमध्ये कंस शोधायला लागलेल्या वेळेला असा दर्जा मिळत नाही.

टायडलच्या या छोट्या लिपीचा एक धागा भारतात येतो, आणि मराठी वाचकाला तो माहीत असावा असे मला मनापासून वाटते. एकाच आवर्तनात वेगवेगळ्या लांबीच्या ओळी एकत्र बसवण्याची तिची पद्धत बर्नार्ड बेल यांच्या बोल प्रोसेसर या प्रणालीवरून घेतलेली आहे. बेल हे फ्रेंच संगणक-संगीतशास्त्रज्ञ. १९८० च्या दशकात त्यांनी संगीताभ्यासक जेम्स किपेन यांच्यासोबत, लखनौ घराण्याचे उस्ताद अफाक हुसेन खाँ यांच्या तबलावादनाचे नियम संगणकाला शिकवण्याचा प्रयत्न केला. (पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी जमवलेल्या लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्यांच्या प्रकल्पात ध्वनिमुद्रणाचे मोठे काम करणारे बेल हेच.) त्यांची पद्धत अशी होती: एखाद्या कायद्याचे, म्हणजे तबल्यावरील ठरलेल्या बोलांच्या रचनेचे, व्याकरण नियमांच्या रूपात लिहायचे, यंत्राकडून त्या नियमांत बसणारे पलटे, म्हणजे त्याच बोलांचे फेरफार, तयार करून घ्यायचे, ते जाणत्यांसमोर ठेवायचे, हा चालेल, हा चालणार नाही, हा व्याकरणात बसतो पण कोणी वाजवणार नाही, असे निर्णय ऐकायचे, आणि त्यानुसार नियम बदलून पुन्हा यंत्र चालवायचे.

हे लाइव्ह कोडिंग होते का? या प्रश्नापाशी मी बराच काळ अडखळले आहे. नियम समोरासमोर बदलले जात होते, परिणाम थोड्याच वेळात ऐकला जात होता, आणि ज्याच्या कानावर सारे अवलंबून होते तो कलावंत त्याच खोलीत होता. आजच्या अनेक प्रयोगांपेक्षा तेथे संवाद अधिक होता. तरीही माझ्या कसोटीने ते सीमेच्या बाहेर राहते, कारण किपेन आणि बेल यांना शेवटी हवे होते ते योग्य व्याकरण, आणि त्या बैठकींतील दुरुस्त्यांचा क्रम ही तेथवर जाण्याची वाट होती. बाहेर असले तरी ते पूर्वज आहे, आणि असा पूर्वज की ज्याची लिपी आजचे लाइव्ह कोडर रोज टंकित करतात.

मग प्रत्यक्ष कायदा वाजवणारा तबलावादक? त्यालाही काही जण उत्साहाने लाइव्ह कोडर म्हणतात. मला हे मान्य नाही, आणि मान्य नसण्याचे कारण तबल्याला कमी लेखणे हे नव्हे. कायद्यात बोल ठरलेले असतात, पलट्यांत त्याच बोलांची उलटापालट करायची असते, भरी आणि खाली सांभाळायची असते, शेवटी तिहाई घेऊन समेवर यायचे असते. वादक या नियमांच्या आत अपार स्वातंत्र्य घेतो, परंतु कायदा चालू असताना कायद्याचा नियम बदलत नाही. बदलला तर ऐकणाऱ्याला तो बिघाड वाटेल. लाइव्ह कोडर मात्र नियमच बदलतो.

या तुलनेतून पडद्याच्या मागणीचे एक कारण मला दिसते, जे अविश्वासापेक्षा खोल आहे. पुण्यातल्या एखाद्या मैफलीत तीनतालाला हाताने टाळी देत बसलेल्या श्रोत्याच्या मनात व्याकरण आधीच असते. वादक समेपासून किती दूर गेला आहे आणि परत कसा येणार आहे हे त्याला मोजता येते, म्हणून वादकाच्या डोक्यात काय चालले आहे ते भिंतीवर लिहून दाखवण्याची गरज पडत नाही. लाइव्ह कोडरचे श्रोते मात्र कोणतेही सामाईक व्याकरण घेऊन येत नाहीत. व्याकरण त्या रात्रीपुरते, त्याच खोलीत तयार होते आणि मध्येच बदलते, म्हणून ते भिंतीवर लिहावे लागते. जाहीरनाम्यात असेही म्हटले आहे की सामान्य श्रोत्याला कोड समजलाच पाहिजे असे नाही, जसे गिटार ऐकण्यासाठी ती वाजवता येण्याची गरज नसते. हे खरे आहे. अल्गोरेव्हमध्ये, म्हणजे २०१२ साली लंडनपासून सुरू झालेल्या त्या नाचाच्या रात्रींत, अनेक जण पडद्याकडे न पाहता नाचतात, आणि तेथे काही उणे राहते असे कोणी म्हणत नाही. म्हणून मी पडद्याला या कलेची सभ्यता मानते, व्याख्या मानत नाही. दार बंद करून एकटी वाजवणारी व्यक्तीही लाइव्ह कोडिंगच करत असते. श्रोत्यांसमोर वाजवून पडदा झाकणारी व्यक्तीसुद्धा ते करत असते, परंतु ती श्रोत्यांना त्यांच्या वाट्याचे देत नाही.

कोऱ्या पानाचा आग्रह मला याहून कमी पटतो. मेक्सिको सिटीमध्ये एक कडक आणि सुंदर प्रथा रुजली: कोऱ्या पडद्यापासून सुरुवात करायची आणि नऊ मिनिटांत थांबायचे. शिस्त म्हणून ती उत्तम आहे. पण कोरे पान खरोखर कोरे असते का? टायडलची पहिली ओळ हास्केल या भाषेवर उभी असते, तिचे आवाज सुपरकोलायडरमधून येतात, ढोलाचा नमुना कोणीतरी कधीतरी मुद्रित करून ठेवलेला असतो. ज्याने स्वतःची भाषाच लिहिली आहे त्याच्या एका शब्दामागे अनेक महिन्यांची पूर्वतयारी दडलेली असू शकते. तेव्हा किती आणले हे मोजण्यापेक्षा, खोली वेगळी असती, श्रोते वेगळे असते, आधीचे आवर्तन जरा वेगळे ऐकू आले असते, तर पुढची दुरुस्ती वेगळी झाली असती का, हे विचारणे मला योग्य वाटते. ठरलेले तुकडे ठरलेल्या क्रमाने एकेक करून चालवणाऱ्याबाबत उत्तर नाही असे येते, मग पडद्यावर कितीही मजकूर सरकत असो.

नुसते आकडे बदलण्याचे काय, हा त्यातला अवघड भाग आहे. चालत्या कोडमध्ये तिनाचे पाच करणे आणि यंत्रावरची खुंटी फिरवणे यांत तत्त्वतः फार फरक नाही, आणि प्रत्येक लाइव्ह कोडर बराच वेळ आकडेच बदलत असतो. येथे रेघ पुसट आहे आणि ती पुसट राहू द्यावी. फरक एवढाच की खुंटी ज्या नियमावर काम करते तो नियम खुंटी फिरवणाऱ्याच्या हाताबाहेर असतो, तर कोडरला आकडा सोडून त्याच्या शेजारी एक नवे फंक्शन लिहिण्याची मुभा कायम असते. मजकूर हवाच असाही माझा हट्ट नाही. १९७० च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात लीग ऑफ ऑटोमॅटिक म्युझिक कंपोझर्स या गटाने किम-१ नावाचे छोटे संगणक तारांनी एकमेकांना जोडले आणि तासन्‌तास ती जुळणी वाजू दिली, मधूनमधून तिच्यात फेरफार करत. पुढे केट सिकिओ हिने नृत्यात असे प्रयोग केले की नर्तकाला मिळणाऱ्या आज्ञा नृत्य चालू असतानाच बदलल्या जातात. तेथे चालणारे यंत्र म्हणजे माणूस, आणि माणूस आज्ञेचा अर्थ स्वतःच्या अंगाने लावतो. दोन्ही ठिकाणी चालता नियम बदलतो आणि बदलाचा क्रम प्रेक्षकांच्या काळात घडतो, म्हणून दोन्ही मला सीमेच्या आत वाटतात.

वर्ग आणि मुलाखत मात्र वेगळ्या करायला हव्यात. फळ्याऐवजी पडद्यावर प्रोग्राम लिहून दाखवणारा शिक्षक विचाराचा क्रम उघड करतो. तो कोठे थांबला, चूक कशी वाचली, हे विद्यार्थी पाहतात, आणि तयार स्लाइड दाखवण्यापेक्षा हे कितीतरी चांगले शिकवणे आहे. पण बहुधा तो प्रोग्राम थांबवून बदलतो आणि पुन्हा चालवतो, त्यामुळे प्रोग्रामचा काळ आणि लिहिणाऱ्याचा काळ एकमेकांत गुंतत नाहीत. शिक्षण क्षेत्राने हीच संज्ञा वापरली याला माझी हरकत नाही, ते सख्खे नाते आहे. केंब्रिजमध्ये सॅम ॲरन यांनी शाळकरी मुलांसाठी घडवलेला सोनिक पाय तर हे अंतर मिटवूनच टाकतो, कारण त्यात फिरत्या लूपची व्याख्या बदलली की पुढच्या फेरीपासून नवी व्याख्या वाजू लागते आणि मुले वर्गातच खरे लाइव्ह कोडिंग करतात. नोकरीच्या मुलाखतीत चालते ते परीक्षण. तेथे उमेदवाराचा क्रम पाहिला जातो हे खरे, पण तो गुण देण्यासाठी पाहिला जातो, आणि त्या मजकुराच्या चालण्यावर कोणाचाही काळ अवलंबून नसतो.

अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रारूपाला वाक्यात मागणी करून त्याने दिलेला कोड चालत्या संगीतात सोडणारे प्रयोग होऊ लागले आहेत. तानिमोतो यांनी २०१३ मध्ये आपल्या चार पायऱ्यांना आणखी दोन जोडल्या, त्या लिहिणाऱ्याच्या पुढच्या हालचालीचा अंदाज बांधणाऱ्या यंत्रांसाठी होत्या, त्यामुळे ही वाट अनपेक्षित नव्हती. बोटे कोणाची, हा प्रश्न मला गौण वाटतो. मॅक्लीनच्या जुन्या संपादकातही यंत्र मजकुरात लिहीतच होते. अडचण वेगाची आहे. चाळीस ओळी एकदम पडद्यावर आल्या आणि वाचून होण्याआधीच वाजू लागल्या, तर चाळीस निर्णयांच्या जागी एकच निर्णय झाला, आणि तोही काय बदलले हे कलाकाराला कळण्यापूर्वी. आलेला मजकूर वाचून, त्यातली एक ओळ ठेवून, बाकीच्या पुसून, तिच्यात हाताने फेरफार करणारा कलाकार माझ्या मते सीमेच्या आतच आहे. न वाचता सोडून देणारा श्रोता झालेला असतो, आणि श्रोता होणे चांगलेच आहे, पण मग मंचावर त्याची जागा नाही.

यातून एक व्यावहारिक प्रश्न राहतो तो जतनाचा. दुरुस्त्यांचा क्रम हीच कृती असेल तर शेवटची फाईल जपून ठेवणे अपुरे आहे. प्रत्येक कळ वेळेसकट नोंदवली तर ते वादन पुन्हा जसेच्या तसे उभे करता येते, तीच अक्षरे, तेच थांबणे, तोच राहून गेलेला कंस. अभ्यासासाठी अशा नोंदी असायलाच हव्यात आणि त्या सर्रास ठेवल्या जाव्यात असे माझे मत आहे. परंतु ती नोंद चालवून मंचावर दाखवली, तर पडदा उघडा असेल, कोड चालू असेल, क्रमही तोच असेल, आणि तरीही ते लाइव्ह कोडिंग नसेल, कारण तिनाचे पाच होण्याऐवजी चार होण्याची शक्यता त्या वेळी कोणाच्याही हातात उरलेली नसेल.